अण्णांच्या पत्रिका आणि अठरा मीटर वायर

आमच्या अण्णांकडे पत्रिका छापायला येणारा माणूस बऱ्याचदा मजकूर लिहून आणतच नाही. खुर्चीवर टेकता टेकता म्हणतो, "थोरल्याच्या लग्नातली काढा की अण्णा. नावं तीच. नवरा-नवरी तेवढे बदला." थोरल्याचं लग्न कधी झालं? "झाली असतील दहा-बारा वर्षं." अण्णा गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि दोन मिनिटांत ती जुनी पत्रिका पडद्यावर आणतात. पुढचं काम मात्र नाजूक. निमंत्रकांच्या यादीत कोण वाढलं, कोण वेगळं निघालं, कुणाच्या नावाआधी आता 'कै.' लावायचं, हे एकेक नाव मोठ्याने वाचून विचारावं लागतं. एक नाव राहिलं तर मांडवात रुसवा ठरलेला.

अण्णा तरुणपणी परभणीला एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, जुळवायचे. पुढे सेलूला येऊन स्वतःचं ट्रेडल छपाई मशीन टाकलं आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून तीन कॉम्प्युटर झाले, पण प्रत्येक वेळी जुन्यातलं सगळं पुढच्यात आणलं. सर्वांत जुनी फाईल १९९९ ची आहे. लग्नपत्रिका आहेत, हरिनाम सप्ताहाची पत्रकं आहेत, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची वर्षावर्षांची निमंत्रणं आहेत. 'हैदराबाद बँकेसमोर' असा पत्ता असलेली दुकानांची कार्डं आहेत. ती बँक २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, तरी गावात अजून तसाच पत्ता सांगतात. मला या फायली आमच्या तालुक्याच्या वंशावळीसारख्या वाटतात. म्हणून दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ठरवूनच गेले होते की तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी, या फायलींची सोय लावायची.

परिस्थिती अशी होती. पुढच्या खोलीत अण्णांचा जुना कॉम्प्युटर, विंडोज ७. पत्रिका जुळवायचं पेजमेकर त्याच्यावर, मराठी फाँटचं सॉफ्टवेअर त्याच्यावर आणि त्याला लागणारी परवान्याची छोटी यूएसबी किल्ली, म्हणजे डोंगल, तीही त्याच्याच पाठीमागे खोचलेली. मागच्या खोलीत धाकट्या भावाने घेतलेला नवा कॉम्प्युटर, विंडोज ११ प्रो, आणि नवा रंगीत प्रिंटर. अण्णा पत्रिका जुन्यावर जुळवायचे, पेनड्राइव्हवर घ्यायचे, मागे जाऊन प्रिंट काढायचे, चूक सापडली की पुन्हा पुढे यायचे. दिवसातून वीस वेळा. पावसाळ्यात वीज कडाडली त्या रात्री जुन्या कॉम्प्युटरची पुढची दोन्ही यूएसबी तोंडं गेली. आता पेनड्राइव्ह लावायचा तर त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने टेबलाखाली शिरायचं.

घरात राउटर नाही. इंटरनेट म्हणजे भावाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही फक्त नव्या कॉम्प्युटरला. जुन्याला इंटरनेट लावायचं नाही हे मीच सांगून ठेवलंय, कारण विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. त्यामुळे एकच मार्ग दिसत होता: एक लॅन केबल, तिचं एक टोक जुन्यात, दुसरं नव्यात. मधे काही नाही.

मी नांदेडला एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते. तिथे सगळ्या केबल एकत्र जोडणारा स्विच असतो, सर्व्हर असतो, प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी व्यवस्था असते. दोन यंत्रं समोरासमोर जोडली की यातलं काहीच नसतं आणि जे तिथे आपोआप होतं ते इथे हाताने करावं लागतं. ते सगळं इथे क्रमाने लिहून ठेवतेय. शोधताना मला तुकड्या-तुकड्यांत सापडत गेलं आणि निम्मे सल्ले घातक निघाले.

केबल गावातल्याच एका मुलाकडून बनवून घेतली. अठरा मीटर, भिंतीच्या कडेने, दरवाजाच्या चौकटीवरून मागच्या खोलीपर्यंत. त्याने दोन्ही टोकांना टेस्टर लावून दाखवला. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले. दोन्ही कॉम्प्युटरला जोडल्यावर केबलच्या तोंडापाशी हिरवा दिवाही लागला. पूर्वी दोन कॉम्प्युटर थेट जोडायला वेगळी उलटसुलट केबल लागायची, क्रॉसओव्हर म्हणायचे तिला. आता गीगाबिट वेगाचं नेटवर्क कार्ड असलेलं यंत्र सरळ केबलही ओळखून घेतं, आणि दोघांपैकी एकाला ते जमलं तरी पुरतं. आमच्या नव्याला जमत होतं. दिवा लागला म्हणजे वायरचा विषय संपला, असं मी वहीत लिहून टाकलं. ही ओळ मला तीन दिवसांनी खोडावी लागली.

मग पत्ते, म्हणजे आयपी. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाकलं तर दोन्हीकडे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. पत्ता देणारं कुणी भेटलं नाही की विंडोज वाट बघून स्वतःच असा एक पत्ता उचलतं. त्याच्यावरही काम चालू शकतं, कारण दोघं एकाच आळीत येतात. पण तो कायम राहील याची खात्री नाही, आणि कॉम्प्युटर सुरू झाल्यावर तो मिळायला वेळही लागतो. म्हणून हातानेच दिले. जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क, म्हणजे आळी कुठवर एकच मानायची ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामी, डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्याची) जागाही रिकामी.

गेटवे रिकामं ठेवायचं कारण मला चुकून कळलं. पहिल्यांदा मी प्रत्येकाच्या गेटवेत समोरच्याचा पत्ता भरला होता. लगेच नव्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद पडलं. गेटवे म्हणजे 'बाहेरचं काही असेल तर या दाराने जा' असं सांगणं. मी त्याला जुन्या कॉम्प्युटरकडे पाठवत होते आणि जुन्याकडून पुढे रस्ताच नव्हता. दुसरी काळजी घ्यायची ती आकड्यांची: मोबाईलचा हॉटस्पॉट ज्या मालिकेतले पत्ते देतो तीच मालिका केबलला द्यायची नाही. नाहीतर कुठला निरोप कुठल्या वाटेने धाडायचा हे यंत्राला ठरवता येत नाही. ५० ही मालिका मी त्यासाठीच घेतली.

आता पिंग, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला मारायची हाक. नव्यावरून जुन्याला हाक मारली: 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. जुन्यावरून नव्याला: तेच.

इथे बरीच माणसं घाबरून पाच गोष्टी एकदम बदलतात. मीही बदलणार होते. पण पिंगचं उत्तर नीट वाचलं तर ते बरंच सांगतं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं आपल्याच पत्त्यावरून आलं तर समोरचं यंत्र सापडलंच नाही, वायर किंवा पत्ता बघा. 'टाइम्ड आउट' आलं तर बहुधा हाक पोचली, आतून कुणी ओ दिली नाही. खात्री करायची असेल तर पिंगनंतर लगेच एआरपी उणे ए ही आज्ञा द्यायची. तिच्या यादीत समोरच्या पत्त्यापुढे कार्डाचा खरा क्रमांक, म्हणजे बारा अक्षरी मॅक पत्ता दिसला, तर दोन्ही कार्डांची ओळख झालेली आहे. फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा विंडोजचा पहारेकरी, ती ओळख अडवत नाही, त्यामुळे हा पुरावा पक्का. आमच्या यादीत तो होता. म्हणजे अडसर फायरवॉलचा.

का, तेही लिहिते. मधे राउटर नसल्यामुळे आणि गेटवे रिकामं असल्यामुळे विंडोजला हे नेटवर्क ओळखू येत नाही. ते त्याला 'अनआयडेंटिफाइड' म्हणतं आणि अनोळखी जागा म्हणून 'पब्लिक' धरतं. रेल्वे स्टेशनवरच्या फुकट वायफायवर जेवढे दरवाजे बंद असायला हवेत तेवढे सगळे बंद. ते योग्यच आहे. त्याला काय माहीत पलीकडच्या खोलीत अण्णा बसलेत.

नांदेडच्या एका सहकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "फायरवॉलच बंद करून टाक." मी दोन मिनिटांसाठी बंद केली, पिंग लागतो का पाहिलं, लागला, आणि लगेच पुन्हा सुरू केली. परीक्षेपुरतं बंद करणं वेगळं आणि कायमचं उघडं ठेवणं वेगळं. नवा कॉम्प्युटर इंटरनेटवर असतो. त्याच्यात काही शिरलं तर अठरा मीटरवर पंचवीस वर्षांच्या पत्रिका आहेत.

नव्यावर काम सोपं झालं. सेटिंगमध्ये नेटवर्क, इथरनेट, आणि तिथे 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' केलं. विंडोज ७ मध्ये अनोळखी नेटवर्कला हा पर्याय क्लिक करूनच देत नाही. अण्णांचं विंडोज ७ प्रोफेशनल असल्यामुळे लोकल सिक्युरिटी पॉलिसीत जाता आलं. तिथे 'नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीज', त्यात 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क्स', आणि त्याचा प्रकार 'प्रायव्हेट'. यामुळे पुढे कुठलंही अनोळखी नेटवर्क घरचं मानलं जातं, म्हणून बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपवर हे करू नये. अण्णांचा कॉम्प्युटर टेबलावरून हलत नाही. त्यातही मी फायरवॉलच्या फाईल शेअरिंगच्या नियमात 'रिमोट आयपी'च्या जागी एकच पत्ता लिहिला, १९२.१६८.५०.२. दार उघडं, पण एकाच माणसासाठी.

पिंग लागला. दोन्ही बाजूंनी, एक मिलिसेकंदाच्या आत. आई चहा घेऊन आली तेव्हा मी तिला तो पडदा दाखवला.

मग वाटणी, म्हणजे शेअरिंग. जुन्यावरच्या 'पत्रिका' फोल्डरला शेअर केलं, नव्यावर दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन जुन्याचा पत्ता टाकला. नाव आणि पासवर्ड मागितला. आणि अण्णांच्या खात्याला पासवर्डच नाही.

कोरा पासवर्ड असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. समोर बसून कॉम्प्युटर उघडता येतो, वायरवरून नाही. अण्णांना म्हटलं, पासवर्ड लावू या. ते म्हणाले, "हे बघ माय, सकाळी हात धुऊन बटण दाबलं की चालू व्हायला पायजे. मधी मला कुणी नाव-गाव विचारायचं न्हाई." ते बरोबर होतं. मग अण्णांचं खातं तसंच ठेवलं आणि जुन्या कॉम्प्युटरवर फक्त वायरसाठी एक वेगळं खातं काढलं, चांगला लांब पासवर्ड लावून. नव्यावर खात्याचं नाव लिहिताना आधी जुन्या कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खातं. नुसतं खातं लिहिलं तर ते नव्याच कॉम्प्युटरवरचं समजलं जाण्याची शक्यता असते.

या ठिकाणी लोक दोन गोष्टी सुचवतात, त्याबद्दल थोडं. एक, पासवर्डची अटच काढून सगळ्यांना पाहुणा म्हणून येऊ द्या. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून प्रो आवृत्ती असं पाहुणा होऊन कुठे जातच नाही, त्यामुळे हा उपाय आमच्याकडे चाललाही नसता, आणि चालला असता तरी मी केला नसता. दुसरं, एसएमबी १ सुरू करा. एसएमबी ही फायली देण्याघेण्याची बोली. पहिली आवृत्ती जुनी आणि कच्ची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच भगदाडातून. त्याच वर्षीच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली. ती विंडोज एक्सपीशी बोलायला लागते. विंडोज ७ ला एसएमबी २.१ येते आणि विंडोज ११ ला ती समजते. ७ आणि ११ मध्ये फायली जात नसतील तर कारण दुसरं कुठलं तरी असतं, एसएमबी १ नसतं. हे मी ठासून लिहितेय कारण कितीतरी व्हिडिओंमध्ये पहिला उपाय म्हणून हेच सांगतात.

पासवर्ड बरोबर दिला तरी एकदा 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं. फोल्डरला दोन कुलुपं असतात. एक शेअरिंगचं, एक डिस्कवरच्या फोल्डरचं स्वतःचं, ते 'सिक्युरिटी'च्या पानावर. मी पहिलं उघडलं होतं, दुसऱ्यात नव्या खात्याचं नावच नव्हतं. दोन्हींपैकी जे कडक असेल ते लागू होतं. ते मी मुद्दाम वापरून घेतलं: 'पत्रिका' फोल्डर नव्या कॉम्प्युटरवरून फक्त वाचता येईल, बदलता किंवा पुसता येणार नाही. आणि 'छपाई' नावाचं दुसरं फोल्डर केलं, त्यात दोघांनाही लिहिता येतं. अण्णा पीडीएफ तिथे टाकणार, मागे प्रिंट निघणार.

आधी चुकीचा पासवर्ड 'लक्षात ठेव' म्हणून दिला असेल तर विंडोज तोच गुपचूप पुन्हा पुन्हा वापरत राहतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो काढावा लागतो. अर्धा तास गेला यात. आणि 'नेटवर्क'च्या चित्रात जुना कॉम्प्युटर दिसत नव्हता, तिकडे मी लक्षच दिलं नाही. दिसणं आणि पोचणं यांची यंत्रणा वेगळी. पत्ता टाकून उघडतंय ना, मग त्या फोल्डरला डिस्कसारखं झेड हे अक्षर देऊन टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अख्खं 'पत्रिका' फोल्डर नव्यावर घ्यायला सुरुवात केली. साधारण चाळीस जीबी. पहिल्या काही पत्रिका आल्या. मग एक मोठी फ्लेक्सची फाईल आली आणि हिरवी पट्टी थांबली. वेग शून्य. मग थोडा. मग पुन्हा शून्य. मग नेटवर्कचा रस्ता सापडत नाही म्हणून सगळंच तुटलं. मिनिटाभरात आपोआप परत जोडलं गेलं. पिंग लावला तर एकदम स्वच्छ.

मला जुन्या डिस्कची भीती वाटली. तेरा वर्षं चाललेली डिस्क, आणि मी तिच्यावरून एकदम चाळीस जीबी ओढतेय. अण्णांना काही बोलले नाही. डिस्क तपासली, चुकलेला एकही भाग नाही. जुन्यावरच त्या फ्लेक्सच्या फाईलची दुसरी प्रत काढली, झटकन निघाली. म्हणजे डिस्क ठीक. अँटिव्हायरस थांबवून पाहिला, कार्डाची वीज वाचवायची सेटिंग बंद केली, कार्डाचा ड्रायव्हर बदलला. प्रत्येक बदल वहीत लिहिला आणि उपयोग झाला नाही तर मागे घेतला.

मग एक सुचलं. पिंगची हाक अगदी लहान असते, बत्तीस अक्षरांची. ती मोठी करता येते. उणे एल १४०० असं लिहून मोठ्या हाका सोडल्या, शंभर. त्यातल्या एकतीस हरवल्या. लहान हाका सगळ्या पोचत होत्या आणि मोठ्यांतल्या जवळपास एक तृतीयांश वाटेत गळत होत्या. वर कुठेही काहीही बिघडलेलं नव्हतं. वायरच.

पण टेस्टरचे आठही दिवे लागले होते. मी पुन्हा त्या मुलाकडून टेस्टर मागवून लावला. एक, दोन, तीन, चार, सगळे ओळीने. मी टोक हातात धरून बसले होते. अण्णा जेवून उठले आणि शेजारी येऊन बसले. माझ्या पिशवीत कॉलेजमधली एक छोटी, कंपनीत बनलेली केबल होती. त्यांनी ती घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही टोकं उजेडात एकमेकांशेजारी धरली. दोन-तीन मिनिटं काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "ह्याच्यात निळी जोडी हिरव्याच्या पोटात हाय. आपल्यात न्हाई."

मी बघितलं. कंपनीच्या केबलमध्ये रंग असे होते: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. आमच्या केबलमध्ये: नारंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची जोडी, तपकिरीची जोडी. दिसायला हेच जास्त नीट. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणून टेस्टर खूश. टेस्टर एवढंच बघतो की इकडची तीन नंबरची तार तिकडे तीनलाच निघते का. तीन आणि सहा या तारा एकाच पिळातल्या आहेत का, हे त्याला कळत नाही.

आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं. या केबलमध्ये तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. निरोप एका जोडीवरून असा जातो की एका तारेवर सुलट, दुसरीवर उलट. बाहेरून वीजेच्या तारेचा वगैरे गोंगाट आला तर तो दोन्ही तारांवर सारखाच येतो, आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की गोंगाट वजा होतो. जुन्या कार्डाच्या शंभर मेगाबिट वेगाला एक जोडी १ आणि २ वर लागते, दुसरी ३ आणि ६ वर. म्हणून हिरव्याची जोडी फाकवून निळीला मधे घ्यायचं. आमच्या केबलमध्ये ३ वर हिरवी-पांढरी होती आणि ६ वर निळी. वेगवेगळ्या पिळातल्या. गोंगाट वजा होत नव्हता. दोन मीटरवर कदाचित खपून गेलं असतं. इथे अठरा मीटर होते आणि त्यातले बरेचसे इन्व्हर्टरच्या वायरीला चिकटून.

अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी वर्षानुवर्षं उलटे खिळे वाचलेत आणि प्रुफं तपासलीत. मूळ प्रत आणि जुळवलेली प्रत शेजारी धरायची आणि शब्दाचा अर्थ न लावता अक्षराला अक्षर लावत जायचं, ही त्यांची सवय. मी अर्थ लावत बसले होते.

त्या मुलाला बोलावलं. तो चांगला आहे, ऐकून घेतलं, दोन्ही टोकं कापून नवी बसवली. अण्णांनी छोटी केबल पुढ्यात ठेवून एकेक रंग वाचून सांगितला आणि त्याने तसा लावला. केबल इन्व्हर्टरच्या वायरीपासून वीतभर दूर केली. मोठ्या हाका पुन्हा शंभर सोडल्या. शंभरही परत आल्या.

चाळीस जीबी विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेने घेतलं, कारण मधेच तुटलं तर ती आज्ञा राहिलेल्या ठिकाणापासून पुढे जाते आणि शेवटी किती आल्या, किती चुकल्या त्याचा हिशेब देते. वेग सेकंदाला अकरा एमबीच्या आसपास. जुन्याचं कार्ड शंभर मेगाबिटचं आहे, त्याच्याकडून यापेक्षा जास्त मिळणार नाही. बारीक फायली खूप, म्हणून जवळपास तीन तास लागले. 'फेल्ड'च्या खाली शून्य. तीच प्रत मी एका बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि नांदेडला घेऊन आले. जुन्या कॉम्प्युटरचं झोपी जाणंही बंद केलं. तो झोपला की झेड नाहीसा होतो आणि भाऊ मला फोन करतो.

निघायच्या दिवशी सकाळी मानवतकडचे एक गृहस्थ आले, धाकट्याच्या लग्नाची पत्रिका करायला. थोरल्याची २०१३ ची होती. मी मागच्या खोलीत नव्या कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पुढचं सगळं ऐकू येत होतं. अण्णांनी फाईल उघडली आणि निमंत्रकांची नावं वाचायला लागले. प्रत्येक नावाला ते गृहस्थ "हां" म्हणत होते. चौथ्या नावाला त्यांनी काही म्हटलं नाही. अण्णा थांबले. "कधी?" त्यांनी विचारलं. "मागच्या वर्षी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." पुन्हा शांतता झाली, मग कीबोर्डवर तीन-चार बटणं वाजली, मग पुढची नावं. सातव्याला पुन्हा तसंच.

थोड्या वेळाने अण्णांनी पुढून आवाज दिला, "टाकलं गं माय, बघ बरं आलं का."

मी 'छपाई' उघडून एफ ५ दाबलं. आलं होतं. उघडून आधी चौथी ओळ बघितली, मग सातवी, आणि प्रिंट दिली.